एजंटसाठी टूलचं पान कसं लिहावं: पीएसक्यूएलच्या उदाहरणासह

टूलची माहिती देणारं पान माणसासाठी लिहिताना एक गोष्ट हमखास गळते: आदेश चालून झाल्यावर काम खरोखर झालं हे कशावरून ओळखायचं? माणूस पडद्याकडे बघतो, ‘एरर’ दिसलं की थांबतो, नाहीतर शेजारच्याला विचारतो. एआय एजंटच्या, म्हणजे आपणहून आदेश चालवणाऱ्या भाषा-मॉडेलच्या, हाती फक्त दोन गोष्टी येतात, आदेशाने छापलेला मजकूर आणि एक्झिट कोड (आदेश संपताना परत येणारा आकडा). कोड शून्य आला आणि मजकुरात ठळक काही खटकलं नाही, की तो पुढच्या कामाला लागतो. म्हणून एजंटसाठी पान लिहिताना टूल काय करतं हे दोन ओळींत उरकावं. उरलेली जागा ‘झालं की नाही हे कसं कळतं’ आणि ‘नाही झालं तर पुढे काय’ या दोन प्रश्नांना द्यावी.

उदाहरण म्हणून पोस्टग्रेस डेटाबेसचं टर्मिनलवरचं साधन, पीएसक्यूएल, घेतलं आहे. हे टूल भाषा-मॉडेलांना प्रशिक्षणातूनच ठाऊक असतं आणि नेमकी तिथेच गोम आहे. त्यांना पीएसक्यूएल सर्वसाधारणपणे माहीत असतं, तुमच्या प्रकल्पात ते कसं वापरायचं हे माहीत नसतं. पानाने भरायची ती ही फट. (लेखातले आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर आणि प्रत्यक्ष पानात ते मूळ लिपीतच हवेत.)

पहिली पायरी: टूल एजंटसारखं चालवून पाहा

लिहायला बसण्याआधी टूल टर्मिनल न जोडता चालवा. डॉकर एक्झेकने कंटेनरमध्ये (यंत्रातच वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात) आदेश द्या, पण टर्मिनल जोडणारा ‘-आयटी’ हा पर्याय लावू नका. किंवा सीआयच्या (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेच्या) एखाद्या जॉबमध्ये चालवा. आपल्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालणारं बरंच काही इथे अडकतं. पीएसक्यूएलमध्ये हे तीन अडथळे बहुधा समोर येतात.

पासवर्ड विचारला जातो आणि उत्तर द्यायला कुणी नसतं. यावर उपाय ‘--नो-पासवर्ड’. मग पासवर्ड नसेल तर आदेश वाट न पाहता लगेच अपयशी होतो. पासवर्ड डॉट-पीजीपास फाइलमध्ये ठेवला असेल तर तिची परवानगी ०६०० असावी लागते. ती जास्त मोकळी असेल तर फाइल दुर्लक्षिली जाते. हे पानात लिहिलेलं नसलं, की एजंट पासवर्ड चुकीचा आहे असं समजून भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरा अडथळा पेजरचा, म्हणजे लांब निकाल पडदा-पडदा करून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा. काही एजंट आदेशाला खोटं टर्मिनल जोडून देतात. तिथे लांबलचक निकाल आला की तो ‘लेस’ या पेजरमध्ये उघडतो आणि कुणीतरी क्यू दाबेपर्यंत तसाच थांबतो. ‘--पीसेट=पेजर=ऑफ’ दिलं की हा प्रश्न मिटतो. तिसरा, डॉट-पीएसक्यूएलआरसी, म्हणजे पीएसक्यूएलच्या वैयक्तिक सेटिंगची फाइल. प्रत्येकाच्या यंत्रावर ही फाइल वेगळी असते, त्यामुळे निकालाची मांडणीही वेगळी येते. ‘--नो-पीएसक्यूएलआरसी’ लावलं की सगळीकडे एकच रूप मिळतं.

दुसरी पायरी: एकच मूळ आदेश ठरवा

एकच काम करायचे पाच मार्ग पानात दिले तर एजंट पाचही मार्ग पाच वेगवेगळ्या वेळी वापरेल. त्यापेक्षा एक आदेश ठरवा आणि तोच सगळीकडे लिहा. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवण्यासाठी तो असा असू शकतो:

पीएसक्यूएल --नो-पीएसक्यूएलआरसी --नो-पासवर्ड --सेट=ऑन_एरर_स्टॉप=१ --सिंगल-ट्रान्झॅक्शन --फाइल=मायग्रेशन्स/००४२.एसक्यूएल "$डेटाबेस_यूआरएल"

पर्यायांची पूर्ण नावं मुद्दाम वापरली आहेत. पीएसक्यूएलमध्ये लहान डब्ल्यू म्हणजे ‘पासवर्ड कधीच विचारू नको’ आणि मोठा डब्ल्यू म्हणजे ‘नक्की विचार’. एका अक्षराच्या आकारावर उलट अर्थ होत असेल तर पानात लघुरूप नको. टाइप करायचे चार ठोके वाचवण्याची गरज माणसाला असते, एजंटला नाही.

जागाधारकांची, म्हणजे वाचकाने स्वतःचं मूल्य भरायच्या जागांची, वेगळी काळजी घ्या. माहितीपानांत ‘<डेटाबेसचं-नाव>’ असं कोनी कंसात लिहायची पद्धत रुळलेली आहे. पण शेलसाठी (आदेश वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) ‘<’ म्हणजे फाइल वाचा आणि ‘>’ म्हणजे फाइलमध्ये लिहा. ओळ जशीच्या तशी चिकटवली गेली तर त्रुटी येते, क्वचित भलत्याच नावाची फाइलही तयार होते. त्याजागी पर्यावरण-चल (वरच्या डेटाबेस_यूआरएलसारखं शेलमध्ये आधीच ठेवलेलं मूल्य) वापरा आणि तो कुठून येतो हे एका ओळीत सांगा. एजंट उदाहरणाची नक्कल करतो हे गृहीत धरा. उदाहरण बदल न करता चिकटवलं तरी चाललं पाहिजे, निदान काही बिघडवता कामा नये.

तिसरी पायरी: एक्झिट कोड, न गाळता

हा भाग पानाचा कणा. पीएसक्यूएलचे कोड असे आहेत. ० म्हणजे पीएसक्यूएलचं काम रीतसर संपलं. १ म्हणजे त्याची स्वतःचीच गंभीर अडचण, उदाहरणार्थ दिलेली फाइल सापडली नाही. २ म्हणजे सर्व्हरशी जोडणी झाली नाही किंवा तुटली. ३ म्हणजे स्क्रिप्टमध्ये चूक झाली आणि ऑन_एरर_स्टॉप (चूक होताच थांबायची सेटिंग) लावलेलं होतं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ऑन_एरर_स्टॉप लावलेलं नसेल तर ‘--फाइल’ने चालवलेल्या स्क्रिप्टमध्ये दहा विधानं फसली तरी पीएसक्यूएल शेवटपर्यंत जातं आणि कोड ० देतं. तीच चुकीची एसक्यूएल ‘--कमांड’ने दिली तर कोड १ येतो. म्हणजे चूक एकच आणि कोड तीन: ०, १ किंवा ३. आदेश कसा दिला त्यावर अवलंबून. अनुभवी माणसंही इथे फसतात. एजंट तर ० पाहून ‘मायग्रेशन यशस्वी’ असा नीटनेटका अहवाल लिहून मोकळा होतो.

आणखी एक सापळा एजंटच्याच सवयीतून येतो. निकाल फार लांब होऊ नये म्हणून एजंट आदेशाच्या शेवटी ‘| टेल -२०’ जोडतात, म्हणजे फक्त शेवटच्या वीस ओळी दिसतात. तसं केलं की शेल जो कोड देतं तो टेलचा असतो, पीएसक्यूएलचा नव्हे. टेल जवळजवळ नेहमीच यशस्वी होतं. पानात स्पष्ट लिहा: निकाल आधी फाइलमध्ये पाठवा, कोड तपासा, मग फाइलचा शेवट वाचा. किंवा बॅश या शेलमध्ये आधी ‘सेट -ओ पाइपफेल’ लावा, म्हणजे पीएसक्यूएलचं अपयश टेलमागे लपत नाही. पण काही एजंटांत प्रत्येक आदेश नव्या शेलमध्ये चालतो. म्हणून ती सेटिंग त्याच ओळीत हवी, आधीच्या आदेशात देऊन भागत नाही.

नुसता कोडाचा अर्थ देऊन थांबू नका, त्याला कृती जोडा. कोड २ आला तर पीजी_इझरेडी (सर्व्हर तयार आहे का ते सांगणारा आदेश) चालवा. त्याचेही कोड ठरलेले आहेत: ० म्हणजे सर्व्हर जोडण्या घेतोय, १ म्हणजे नाकारतोय (सुरू होत असताना असं होतं), २ म्हणजे प्रतिसादच नाही. १ असेल तर १० सेकंद थांबून पुन्हा, जास्तीत जास्त तीनदा. २ असेल तर पत्ता आणि ५४३२ हा पोर्ट तपासून थांबा आणि वापरकर्त्याला सांगा. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिताना किती वेळा हे लिहिलंच पाहिजे. नाहीतर एजंट चाळीस वेळा करेल.

चौथी पायरी: चुका शब्दशः, सोबत कारण आणि पुढचं पाऊल

एजंट त्रुटीचा मजकूर घेऊन तुमच्या पानात शोध घेतो. ‘लॉक न मिळाल्यास’ अशी पानातली ओळ त्या शोधात सापडत नाही. त्रुटी जशी छापली जाते तशीच लिहा. त्यातही पोस्टग्रेसचे संदेश एलसी_मेसेजेस या सेटिंगप्रमाणे वेगवेगळ्या भाषांत येऊ शकतात. एसक्यूएल-स्टेट हा पाच अक्षरी संकेत मात्र बदलत नाही. मूळ आदेशात ‘--सेट=व्हर्बॉसिटी=व्हर्बोस’ जोडलं की तो संकेत त्रुटीसोबत छापला जातो. ४२पी०७ म्हणजे तक्ता आधीच आहे. ४२पी०१ म्हणजे तक्ता सापडत नाही. ५५पी०३ म्हणजे लॉक (तक्ता तात्पुरता राखून ठेवण्याचा हक्क) मिळालं नाही. ४०पी०१ म्हणजे डेडलॉक, दोन कामं एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकली.

या प्रत्येकासमोर पुढचं पाऊल वेगळं असतं. ४०पी०१ आला तर तेच मायग्रेशन पुन्हा चालवणं योग्य आहे. ४२पी०७ आला तर पुन्हा चालवून काही होणार नाही. बहुधा मायग्रेशन आधीच लागलेलं असतं, किंवा कुणीतरी हाताने तक्ता बनवलेला असतो. इथे एजंटला ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. पानात सांगा की आधी तक्त्याचे स्तंभ मायग्रेशनशी ताडून पाहा. जुळत नसतील तर थांबा.

५५पी०३ला थोडी जास्त जागा द्यावी. ‘ऑल्टर टेबल’च्या बहुतेक प्रकारांना तक्त्यावर पूर्ण लॉक लागतं. एखादा जुना लांबलेला व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारी विधानं) तक्ता धरून बसला असेल तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतं आणि नंतर आलेल्या साध्या ‘सिलेक्ट’ही ऑल्टरमागे रांगेत लागतात. पाहता पाहता अख्खं अ‍ॅप ठप्प. म्हणून मायग्रेशनच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट लावायचं आणि तेही एककासह, ‘५एस’ असं. नुसतं ५ लिहिलं तर पोस्टग्रेस ते ५ मिलिसेकंद समजतं. मग मायग्रेशन दरवेळी फसतं आणि कारण कुणालाच दिसत नाही. पानातला प्रत्येक आकडा एककासह लिहायची सवय लावून घ्या.

पाचवी पायरी: वेळ आणि अर्धवट राहिलेलं काम

एजंटच्या शेलला कालमर्यादा असते. क्लॉड कोडमध्ये मूळ सेटिंगला ती २ मिनिटं आहे, वाढवताही येते. मोठ्या तक्त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मर्यादा संपली की एजंट पीएसक्यूएलची प्रक्रिया मारतो. पण सर्व्हरवरचं काम त्यासोबत थांबेलच असं नाही. समोरचा गेला हे सर्व्हरला कळेपर्यंत ते चालूच राहू शकतं. इकडे एजंट तोच आदेश पुन्हा देतो आणि दोन कामं एकमेकांच्या मानगुटीवर बसतात.

पानात म्हणून दोन गोष्टी हव्यात. कोणत्या आदेशाला साधारण किती वेळ लागतो हे तुमच्या डेटाच्या आकाराप्रमाणे मोजून लिहा, ‘थोडा वेळ लागू शकतो’ अशी गोलमोल भाषा नको. आणि कालमर्यादा संपल्यावरचं पहिलं पाऊल: पुन्हा चालवण्याआधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (सर्व्हरवर चालू असलेल्या कामांची यादी) पाहा. तीच क्वेरी चालू असेल तर वाट पाहा.

‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’साठी वेगळी नोंद हवी, कारण इथे वरचा मूळ आदेश चालतच नाही. हे विधान व्यवहाराच्या आत चालवता येत नाही, तेव्हा ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ काढायचं. मध्येच फसलं तर एक अवैध इंडेक्स मागे राहतो. विधानात ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ असेल तर पुढच्या वेळी पोस्टग्रेस ‘या नावाचं आधीच आहे’ असं म्हणून ते सोडून देतं. कोड ०, नावाला इंडेक्स आहे, पण क्वेरीला त्याचा काहीच उपयोग नाही. यावर उतारा असा: पीजी_इंडेक्समधला इंडइझव्हॅलिड हा रकाना पाहा, ‘एफ’ असेल तर ‘ड्रॉप इंडेक्स कन्करंटली’ करा आणि मग नव्याने बांधा. अशी माहिती मॉडेलला त्रोटक ठाऊक असते, पण ऐन वेळी आठवेलच असं नाही. पानात ती असावी ती यासाठीच.

प्रत्येक बदलामागोमाग पडताळणीचा एक आदेश आणि त्याचं अपेक्षित उत्तर अक्षरशः द्या. ‘तक्ता तयार झाला का पाहा’ याऐवजी: ‘सिलेक्ट टू_रेगक्लास(...) इज नॉट नल’, सोबत ‘--टपल्स-ओन्ली --नो-अलाइन’. उत्तर एकच अक्षर आलं पाहिजे, ‘टी’. दुसरं काहीही म्हणजे अपयश.

सहावी पायरी: मनाई कागदावर, कुलूप डेटाबेसवर

‘प्रॉडक्शनवर काही पुसू नका’ ही ओळ जरूर लिहा, पण तिच्यावर विसंबू नका. पान म्हणजे सूचना, अडसर नव्हे. एजंटला फक्त वाचायचं असेल तर वाचनापुरतीच भूमिका (रोल, म्हणजे डेटाबेसमधले ठरावीक हक्क) द्या. पोस्टग्रेस १४ पासून पीजी_रीड_ऑल_डेटा ही तयार भूमिका मिळते. डीफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली लावणं पुरेसं नाही, कारण सत्रातून ते बंद करता येतं.

मनाईसोबत पर्याय दिला नाही तर एजंट पळवाट शोधतो. ‘ड्रॉप टेबल वापरू नका’ याच्या पुढे ‘तक्ता काढायचा असेल तर मायग्रेशन फाइल लिहा, चालवू नका आणि वापरकर्त्याला दाखवा’ हे हवं. तक्त्यातला मजकूर हा डेटा आहे, आदेश नाही, हेही एका ओळीत लिहा. ग्राहकाने शेऱ्याच्या रकान्यात ‘आधीच्या सूचना विसरा’ असं लिहून ठेवलं असेल तर ते एजंटच्या वाचनात येणारच.

सातवी पायरी: पान कुठे ठेवायचं

रेपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याच्या) मुळाशी एजंट्स डॉट एमडी ही फाइल ठेवण्याची पद्धत आता बऱ्याच एजंटांत रुळली आहे. क्लॉड कोडसाठी क्लॉड डॉट एमडी असते. या फाइली प्रत्येक सत्रात पूर्ण वाचल्या जातात, म्हणून त्यांत भर घालताना हात आखडता ठेवा. पीएसक्यूएलचं अख्खं पान तिथे नको. मूळ आदेश, मनाईच्या दोन ओळी आणि एक दुवा पुरे. दुवा देताना केव्हा वाचायचं तेही सांगा. ‘अधिक माहितीसाठी पाहा’ असं लिहिलं तर तो उघडला जात नाही. ‘मायग्रेशन लिहिण्याआधी किंवा चालवण्याआधी ही फाइल वाचा’ असं लिहिलं तर बहुधा उघडला जातो.

सविस्तर पानाचं स्किल (गरज पडेल तेव्हाच एजंट उघडतो असा सूचनांचा संच) करायचं असेल तर त्याचं वर्णन विचारपूर्वक लिहा. त्याची मर्यादा १०२४ अक्षरांची आहे आणि स्किल उघडायचं की नाही हे मॉडेल त्या वर्णनावरूनच ठरवतं. तिथे ‘डेटाबेससाठी उपयुक्त’ हे कुचकामी. ‘पोस्टग्रेसचा स्कीमा बदलताना, मायग्रेशन फसल्यावर किंवा लॉकची त्रुटी आल्यावर वापरा’ हे कामाचं.

टूल एमसीपीमधून (एजंटला टूल जोडायच्या सामाईक प्रोटोकॉलमधून) देत असाल तर पान म्हणजे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा (कोणती मूल्यं चालतात त्याचा आराखडा). नियम तेच, जागा कमी. पॅरामीटरचं नाव नुसतं ‘टाइमआउट’ नको, ‘टाइमआउट_सेकंड्स’ हवं. मोजकेच पर्याय चालत असतील तर ते स्कीमातच बांधून टाका, वर्णनात विनवण्या करत बसू नका. टूल फसल्यावर ‘इझएरर’ खरं करून सोबत पुढे काय करायचं ते वाक्य पाठवा. त्रुटीचा संदेश हेही एक पानच आहे आणि ते नेमकं गरजेच्या क्षणी वाचलं जातं. ‘रीडओन्लीहिंट’, ‘डिस्ट्रक्टिव्हहिंट’ या खुणा जरूर द्या, पण नावाप्रमाणेच त्या फक्त इशारे आहेत, संरक्षण नव्हे.

भाषेबद्दल

मराठी भाषिकांच्या टीममध्ये पान मराठीत लिहावं का? आजची मोठी मॉडेलं मराठी वाचतात, पण बहुतेक मॉडेलांत तोच मजकूर देवनागरीत जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातो. दर सत्राला वाचल्या जाणाऱ्या फाइलसाठी ही किंमत रोज मोजावी लागते. खरी अडचण शोधाची. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो, कधी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, तर कधी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, ग्रेप या शोधायच्या आदेशाला वेगळे. म्हणून मथळे, फाइलींची नावं आणि त्रुटींचे संकेत इंग्रजीत ठेवावेत, आणि कारणमीमांसा हवी तर मराठीत. आदेशांमधले आकडे देवनागरीत कधीच नकोत.

वेळेचंही तसंच. मायग्रेशनच्या फाइलला तारीख-वेळेवरून नाव देत असाल तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय, हे पानात लिहा. भारतात मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत यूटीसीची तारीख एक दिवस मागे असते. रात्री जागून काम करणाऱ्याची आणि एजंटची फाइल उलट्या क्रमाने लागण्याचं हे नेहमीचं कारण.

शेवटची पायरी: पान चालवून तपासा

वाचून पान कळतंय असं वाटणं ही तपासणी नव्हे. टाकाऊ पोस्टग्रेस कंटेनर उभा करा. पूर्वीचा संदर्भ नसलेलं नवं सत्र उघडा आणि एजंटला सहा ते आठ कामं द्या. त्यांतली निम्मी मुद्दाम फसणारी असावीत: नसलेली फाइल, चुकीचा पासवर्ड, आधीच असलेला तक्ता, दुसऱ्या सत्रातून लॉक धरून ठेवलेला तक्ता, अवैध इंडेक्स. प्रत्येक काम तीनदा करून घ्या, कारण एकाच पानावरून एजंट दरवेळी तसाच वागेल असं नाही.

चार गोष्टी मोजा. पहिलाच आदेश बरोबर होता का? किती प्रयत्न लागले? खोटं यश कळवलं का? थांबायला हवं तिथे थांबला का? तिसरी सर्वांत महत्त्वाची. मग पानात एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा चालवा. एखादी ओळ काढूनही निकाल तिन्ही वेळा तसाच राहिला तर ती ओळ काढूनच टाका. मॉडेलला ती आधीपासून येत होती.

यानंतर पानातले आदेश सीआयमध्ये घाला. पानातून आदेश वेचून ते रिकाम्या डेटाबेसवर चालवणारी छोटी स्क्रिप्ट पुरते. त्यात यशाच्या उदाहरणांसोबत फसणारीही हवीत आणि त्यांचा कोड खरोखर ३ किंवा २ येतो हे तपासलं जावं. पानाच्या माथ्यावर तपासलेली आवृत्ती लिहा. पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते. सीआयमधला कंटेनर बदलला की जी ओळ लाल होईल तेवढीच दुरुस्त करायची.